दादाच्या वाट्याचं शेत

निजामपुऱ्यात माझा दवाखाना आहे त्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम, कापड विणणारे यंत्रमाग. खटखट इतकी की स्टेथोस्कोप लावून छाती ऐकायची सोय नाही. पेशंटला अगदी दम लागलेला नसेल तर मी गोळ्या देते आणि सांगते, शुक्रवारी या. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा फुप्फुसं नीट ऐकू येतात. बाकीचे दिवस मी ओरडते, पेशंट ओरडतात, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना सगळ्यांचे रोग फुकटात कळतात.

तीस वर्षं हेच चाललंय. फी घेते ती औषधासकट. सुई टोचली नाही तर लोक पैसे काढताना तोंड वाकडं करतात, "मॅडम, सिर्फ गोली?" लॅबकडून कट घेत नाही, म्हणून ते दिवाळीला मिठाईचा पुडासुद्धा पाठवत नाहीत. पुढं शिकायला पैसे उरले नव्हते, तेव्हा आपली नुसती एमबीबीएस. जरा मोठं दुखणं निघालं की लोक मलाच विचारतात, कुठल्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ? संध्याकाळी पायांत गोळे येतात. 'डॉक्टर काय, खोऱ्याने ओढतात' असं म्हणणारा भेटला की वाटतं, बाबा रे, एक दिवस बस माझ्या खुर्चीत.

मागच्या वर्षी अशाच एका शुक्रवारी दुपारी माझा थोरला भाऊ आला. तो दापोड्याला, आमच्या गावीच, एका गोदामाच्या गेटवर वॉचमनची ड्युटी करतो. आला, पेशंट संपेपर्यंत बाकावर गुपचूप बसून राहिला, मग आत येऊन त्याने सांगितलं. त्याच्या मुलीचा सरकारी मेडिकलला नंबर लागला नव्हता. खाजगी कॉलेजात लागत होता. तिथली फी ऐकून मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दादाकडे विकण्यासारखं एकच उरलं होतं, राहतं घर आणि त्याच्यापुढचा रस्त्यालगतचा तुकडा. एक गोदामवाला मागतही होता. विकू का, असं दादा मला विचारत होता.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घर विकून राहणार कुठे, झाडाखाली? तिशी उलटेपर्यंत पोरीच्या हातात काही पडणार नाही. मग कर्ज काढून दवाखाना, नाहीतर कुणाच्या तरी हॉस्पिटलात रात्रपाळ्या. मी फार तर एका वर्षाची फी देईन, पुढं काय? परीक्षा परत देऊ दे, नाहीतर फार्मसीला जाऊ दे. लूम बंद आहेत हे विसरून मी नेहमीच्याच आवाजात ओरडत होते. दादा खाली बघून ऐकत होता.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "तुझ्या डोनेशनला शेत इकलं, तवा बाबांनी मला इचारलं होतं. वाटा माझा होता ना. मी हो बोललो."

हे मला माहीत नव्हतं. शेत विकलं एवढंच माहीत होतं. बाबांनी ठरवलं आणि विकलं, असंच मी धरून चालले होते. आज त्या शेतावर गोदाम उभं आहे, आणि दादा ज्या गेटवर उभा राहतो ते त्याच गोदामाचं.

"नाही म्हणायला हवं होतं, असं वाटतं का रे?" मी विचारलं.

"वाटतं कधी कधी. गेटवर उभा असतो तवा."

रागाने म्हणाला असता तर मी भांडले तरी असते. तो साधं, जेवणखाण सांगावं तसं म्हणाला.

मग खरी गोष्ट बाहेर आली. त्याला सल्ला नकोच होता. घर विकायचं नाही, हे त्याचं आणि वहिनीचं आधीच ठरलं होतं. "पोरीला न्हाय बोलायला माझी जीभ रेटत न्हाय," तो म्हणाला. "तू डॉक्टर हायस, तुझं ऐकंल. तू बोल."

रविवारी गावी गेले. भाचीने चहा केला, समोर बसली. दादाला सांगितलं तेच तिला सांगितलं, जरा खालच्या आवाजात. कर्ज, रात्रपाळ्या, वर माझ्या पायांतले गोळे, लोकांची वाकडी तोंडं, सगळं. शेवटी म्हटलं, बाय माझी, ह्या धंद्यात माणूस पिळून निघतो, मिळत काही नाही. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"मग उद्यापासून बंद कर ना आत्या दवाखाना," ती म्हणाली, आणि माझं उत्तर यायच्या आत कप उचलून आत गेली.

घर राहिलं. ती फार्मसीला गेली. दादाने फोन करून सांगितलं, बरं झालं तू बोललीस. दिवाळीला ती माझ्या पाया पडली, बोलली मात्र नाही. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा दवाखाना उघडला होता. बंद करावा असं मनातसुद्धा आलं नव्हतं. तिच्यापाशी हे कबूल करायचं धाडस मला अजून झालेलं नाही.