वसतिगृहातली आक्काची खाट

सीताफळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर झाल्या, की आमच्या धारूरकडे ‘फळाने डोळे उघडले’ असे म्हणतात. ते तेव्हाच उतरवावे लागते, कारण पिकल्यावर ते फार टिकत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा सारा उद्योग या अडचणीतून उभा राहिला. लग्नानंतर ती एसटी स्थानकावर सीताफळांची पाटी घेऊन बसे. उरलेली फळे फेकून देण्याऐवजी तिने त्यांचा गर काढून आइस्क्रीमवाल्याला द्यायला सुरुवात केली. आज तिचा गर काढण्याचा कारखाना आहे, स्वतःचे शीतगृह आहे. सारे तिला आक्का म्हणतात. मी गेले की मात्र ती अजूनही “या बाई” म्हणत खुर्चीतून उठते.

कारखान्यामागे तिने ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी वसतिगृह बांधले. हेतू सरळ होता: आईवडील दसऱ्यानंतर उसाच्या फडावर गेले, तरी मुलींची शाळा सुटू नये. पहिल्या वर्षी खोल्या रंगवून तयार होत्या, पण मुली येईनात. माझ्या वर्गातली सातवीची एक हुशार मुलगीही आईवडिलांबरोबर निघाली होती. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, तेव्हा तिची आई पोत्यात भांडी भरत होती.

आक्काने शिक्षणाचे महत्त्व सांगायला घेतले. शाळेत मी मुलांकडून जी भाषणे पाठ करून घेत असे, त्याच धाटणीचे तिचे बोलणे होते. आईने पोत्याचे तोंड आवळले.

“आक्का, समदं खरं हाय. पर पोरगी वयात आलीय. तिच्यापाशी निजायला कोन हाय तितं?”

“वॉचमन हाय, कॅमेरे हायत...”

“वॉचमनचंच इचारायले मी.”

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. आक्काचा नवा बंगला त्याच महिन्यात पूर्ण झाला होता. मग, घरी कुणालाही न विचारता, ती म्हणाली, “मी निजते.”

“तुमी? तुमी बंगल्यातल्या!”

“पाटीवाली हाय मी. पोरींच्या खोलीत, दाराला लागून खाट टाकते. उद्या निघायच्या आधी येऊन बघ.”

सकाळी त्यांचा ट्रॅक्टर वसतिगृहापाशी थांबला. आईने खाट पाहिली, हाताने दाबली, दाराची कडी आतून लावून ओढून पाहिली.

“मावशे, खाट इकत घ्यायलीस का?” तोडणीच्या टोळीचा मुकादम बाहेरून ओरडला.

ती ट्रॅक्टरकडे गेली, पोत्यातून मुलीचे कपडे काढून आणले आणि आक्काच्या हातात दिले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी परतल्यावर आईने मुलीला पहिला प्रश्न विचारला, “खरंच निजत व्हत्या का गं?”

“हाव. लई घोरत्यात.”

आक्का शेजारीच उभी होती. “मग फुडल्या साली खाट दुसरीकडं टाकते,” ती म्हणाली.

“न्हाई, न्हाई!” आई घाईने म्हणाली. “हितंच ऱ्हाऊ द्या. माज्या जावंची लेक बी येनार हाय.”

आता दर तोडणीच्या हंगामात वसतिगृह भरते. बंगल्यातल्या आक्काच्या निजायच्या खोलीत तेव्हा सीताफळाच्या पाट्या असतात. तिथली हवा फळाला मानवते, असे तिचे म्हणणे आहे.