दोन्ही अंगांनी काळा लेपा

पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा खुर्सीपारच्या बाजारात माझ्या अर्जनवीसाच्या टेबलासमोर कोकणातली एक मासेवाली बसत असे. तिचे नाव मी कधी विचारले नाही. आगगाडीने बर्फात आलेल्या, एका अंगाने काळ्या नि दुसऱ्याने पांढऱ्या अशा चपट्या लेपा माशांची पांढरी बाजू वर ठेवून ती टोपली मांडी. एके दिवशी एक लेपा दोन्ही अंगांनी काळा निघाला.

"सडका माल कावून विकून राहिली? उद्यापासून इथं बसू नको!" बाजाराचा मुकादम गरजला.

मी माफीचा अर्ज लिहून देण्याची तयारी दर्शविली.

"माफी कशाची, भाऊ? दर्यानं याला दोन्हीकडनं रंगवलाय!" ती म्हणाली.

तिने तो चहावाल्याच्या शेगडीवर तळला, पहिला तुकडा स्वतः खाल्ला, दुसरा मुकादमापुढे धरला.

मुकादमाने तो सावकाश चावला. "अजून एक दे," तो म्हणाला.

तिची जागा कायम राहिली. कारखान्याची भट्टी अजून पेटायची होती, तरी पोलाद मी त्या दिवशीच पाहिले, असे साभिमान नमूद करतो.