ऊन पडलं आणि लॉन कापलं गेलं

...तर नाही उमललं. मागच्या पोस्टखाली विचारत होतात ना सगळे, “फुललं का गं तुझं ऑर्किड?” म्हणून... सगळ्यांना एकदाच सांगून टाकते. नाही उमललं, आणि आता उमलणारही नाही.

नवीन असाल तर थोडक्यात सांगते. आमचं इथलं, हेन्डरसन उपनगरातलं घर भाड्याचं आहे. मागच्या अंगणात फेन्सजवळ पिवळी चिकणमाती आहे, तिथे धड गवतही उगवत नाही, आणि नेमकं तिथेच सन ऑर्किड आलं होतं. इथलं, जंगली, जमिनीत वाढणारं. कुंडीतलं मॉलवालं नाही.

दिसायला काहीच नाही हो. वर्षाला एकच पान, तेही गवतासारखं. जमिनीखाली एक छोटासा कंद असतो. तो आपलं सगळं संपवून शेजारी पुढच्या वर्षीचा कंद तयार करतो. बी तर धुळीसारखं बारीक, त्यात स्वतःचं खाणंच नसतं, मातीतली एक बुरशी त्याला भरवते. ती बुरशी नाही तर ऑर्किड नाही. म्हणून उचलून दुसरीकडे लावताही येत नाही.

आणि फूल नखाएवढं. निळं. फक्त गरम, स्वच्छ ऊन असेल तेव्हाच उघडतं, दुपार उतरली की मिटतं. गेल्या वर्षी सगळा स्प्रिंग, इथे तो सप्टेंबरपासून असतो, ढगाळ गेला, तर ते उघडलंच नाही. बंद कळीतच स्वतःचं स्वतः बी धरून मोकळं झालं. यंदा पाच दांडे होते. मी जुलैपासून रोज बघत होते... रोज.

बुधवारी घरमालकाच्या एजंटबाईंचा ईमेल आला. सोमवारी घराचं इन्स्पेक्शन. बस, आमच्या घरात दिवाळीची साफसफाई सुरू! आईने ओव्हन घासला, बाबांनी टाइल्समधल्या रेघा टूथब्रशने घासल्या.

“बाबा, लॉन कापाल तेव्हा माझं ऑर्किड सांभाळा हं,” मी म्हटलं आणि फोनवर कळीचा फोटो दाखवला. मस्त मॅक्रो फोटो. तुम्ही सगळ्यांनी हार्ट दिलं होतं ना, तोच.

“वा, केवढी टपोरी आहे गं!” बाबा म्हणाले. “काळजी करू नकोस. पण लॉन कापायलाच लागणार. भाड्याचं घर आहे, त्या एजंटबाईंनी एक फोटो काढला की संपलं.”

शुक्रवारपर्यंत नुसता पाऊस. ओलं गवत कापता येत नाही, म्हणून बाबा खिडकीतून आभाळ बघत बसायचे. कळीसाठी ऊन हवं, म्हणून मीही. दोघं एकाच खिडकीत... आता आठवलं की कसंतरीच होतं.

शनिवारी लख्ख ऊन. आणि माझी पेनरोजला शिफ्ट! डेपोत बॉक्सवर लेबलं लावता लावता डोक्यात एकच, आज उघडणार. शेवटी साडेअकराला पोट दुखतंय म्हणून खोटं सांगून निघाले.

ड्राइव्हवेत शिरले आणि वास आला. ताज्या कापलेल्या गवताचा. लोकांना तो वास फार आवडतो म्हणे.

बाबा पायात रबरी जँडल्स घालून, चहाचा कप घेऊन अंगणात उभे. घामाघूम आणि खूश. “ये ये, बघ! एक पान लागू दिलं नाही तुझ्या ऑर्किडचं. भोवतीचं गवत तर मी कात्रीने कापलं.”

वॉशिंग लाइनपाशी त्यांनी विटांचं सुंदर गोल रिंगण केलं होतं. आत अगापँथसचा मोठा झुबका. लांब रुंद पानं, टपोऱ्या निळसर कळ्या... इथे सगळीकडे माजलेलं तण. विकेंडला मी इथलं जंगल राखायला व्हॉलंटियर म्हणून जाते ना, तिथे आम्ही हेच खणून काढतो.

मी फेन्सपाशी गेले. बोटाएवढे पाच बुडखे. पानंही गेली, म्हणजे खालच्या नव्या कंदाला यंदा फारसं काही मिळणार नाही. पुढच्या वर्षी येईल की नाही, माहीत नाही.

“आवडलं का?” मागून बाबा.

“हो... थँक्यू, बाबा.”

सोमवारी बाई आल्या. स्मोक अलार्म वाजवून बघितला, बाथरूमचा फॅन बघितला, किचनच्या खिडकीतून बाहेर एक नजर टाकली. “स्वीट ॲज,” म्हणजे एकदम मस्त, म्हणाल्या आणि गेल्या. अंगणात पाऊलसुद्धा टाकलं नाही! ते गवत गुडघाभर असतं तरी त्यांना फेन्सपर्यंत दिसलं नसतं.

दोन दिवस मी सगळ्यांवर चिडून होते. एजंटवर, भाड्याच्या घरावर, आमच्या त्या घाबरून राहायच्या सवयीवर, बाबांवर. मग तो फोटो परत उघडला. नखाएवढी कळी अख्खी स्क्रीनभर. बाबांनी तेवढीच मोठी निळी कळी शोधली, आणि सापडली. त्यांचं काय चुकलं?

फेन्स किचनच्या दारापासून वीस पावलं आहे. तुम्हा चारशे लोकांना मी ते ऑर्किड दहा अँगलनी दाखवलं. बाबांना त्या वीस पावलांवर एकदाही नेलं नाही.

आता ते रोज सकाळी कामावर जायच्या आधी अगापँथसला पाणी घालतात. फॅमिली ग्रुपवर फोटोही टाकलाय, “लेकीचं ऑर्किड वाचवलं!” नाशिकच्या आत्याने नमस्काराचे सात हात पाठवलेत.

थोड्या दिवसांत ते फुलेल. भरपूर फुलेल, तणच ते. बाबा मला हाक मारतील, “अगं ये लवकर, उमललं बघ!” तेव्हा काय करू मी? खरं सांगू, की त्यांच्या शेजारी उभं राहून गप्प बघू... तुम्ही काय केलं असतं?