कॉफीचा चोथा आणि माझं एम.एस्सी.

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते.

मी नुकतीच वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. होऊन मुरुडला घरी परतले होते. एम.एस्सी.साठी मला पुन्हा मुंबईला जायचं होतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पसंत नव्हतं. मुलगी शिकून झाडांना नवं काय सांगणार, हा त्यांचा सवाल. आमच्या वाडीतल्या माडांना पणजोबांपासून मासळीचं खत पडतं. त्या वासाने आप्पांना पूर्वज आठवतात, मला ओकारी येते.

कॉलेजच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं, कॉफीचा चोथा म्हणजे बागेला आणि हिरवळीला उत्तम खत. झालं! ओटीवर उभं राहून मी भाषणच ठोकलं.

आप्पांनी पान लावता लावता ऐकून घेतलं. "माडाची सहा रोपं तुझी, सहा माझी. तुझी तरारली तर जा मुंबईला. नाहीतर अलिबागचं स्थळ मुकाट्याने बघायचं."

घरात चहा बंद, कॉफी सुरू; करायची अर्थातच आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याने. आता आमच्याकडे कॉफी होते कधी? कोणी आजारी पडलं तर! दिवसातून चारदा जायफळाचा वास सुटल्यावर आळीभर झालं की आप्पांचं काही खरं नाही. माणसं समाचाराला येऊ लागली. त्यांनाही कॉफी. आप्पा म्हणायचे मी ठणठणीत आहे, आणि लोक आत्याला बाजूला घेऊन डॉक्टर काय म्हणतात ते विचारायचे. मला काय, चोथा वाढत होता! कपातली उरलेली कॉफीसुद्धा त्यातच ओतायची, असं मी आत्याला बजावलं होतं. रेशनची साखर पंधरवड्यातच संपली तेव्हा ती कुरकुरली. मी तिला विज्ञानासाठी त्याग करायला सांगितला.

तिसऱ्या आठवड्यात आप्पा अनवाणी माझी रोपं बघायला गेले आणि धोतर सावरत पळत आले. त्यांना पळताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. समाचाराला आलेली मंडळी हात जोडून उभीच राहिली.

रोपांनी माना टाकल्या होत्या आणि बुंध्यांशी मुंगळ्यांची जत्रा भरली होती.

"मुंगळे कॉफीजवळ फिरकत नाहीत," मी म्हणाले. "मासिकात स्पष्ट लिहिलंय."

आत्या आप्पांच्या पोटऱ्यांना चुना लावत होती. तिने मान वरही केली नाही. "नसतील फिरकत. पण शालू, त्या मासिकातल्या बायका कॉफी दुधासाखरेत उकळतात का गं?"

तीन आठवड्यांत मी त्या पातेल्यात एकदाही डोकावले नव्हते. बी.एस्सी. झालेली मुलगी चुलीपाशी कशाला जाईल?

आता अलिबाग अटळ, असं धरून मी खाली मान घालून बसले. आप्पा बराच वेळ पोटऱ्या खाजवत राहिले.

"स्थळ राहू दे," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्यांचीही वाडी आहे. तू आपली मुंबईलाच जा."

एम.एस्सी.ला कशी गेलीस, असं कोणी विचारलं की मी सांगते, गुणांवर.