बावन्नाला सहा

वर्गातला एक फळा मैदानावर आणून दोन खुर्च्यांवर टेकवला होता आणि खडू माझ्या हातात होता. शाळा पाचवीत सुटली असली तरी आकडे मला ठसठशीत काढता येत, म्हणून खेळाच्या सरांनी गुण लिहायचं काम मला दिलं. डावीकडं पाहुण्या कॉलेजचे, उजवीकडं आमचे. सामना संपला तेव्हा डावीकडं बावन्न होते आणि उजवीकडं सहा. दोन्ही मीच लिहिले.

ही साठ सालानंतरची गोष्ट. उस्मानाबादचं आमचं कॉलेज तेव्हा नवं होतं. एक दगडी इमारत, पत्र्याच्या चार खोल्या आणि मागं मुरमाड माळ. मी तिथं शिपाई होतो. माझं गाव भूमच्याही पलीकडं, पाऊस कमी त्या अंगाला. दोन एसट्या बदलून वर चालत जायचं तर अख्खा दिवस मोडायचा, म्हणून पोळ्याला आणि दिवाळीला तेवढा जायचो. बायको-लेकरं तिकडंच, थोरल्या भावाजवळ. गावात पाचवीच्या पुढं वर्गच नव्हता, आणि भूमला ठेवायची घरच्यांची ऐपत नव्हती. पुढं पाण्याचे हाल झाले त्या साली रस्त्याच्या खडीवर आलो, आणि तिथून या कॉलेजचं मैदान सपाट करायच्या कामावर. खेळाच्या सरांनी मला तिथं पाहिलं. प्राचार्यांना म्हणाले, "हा माणूस सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त करतो. याला ठेवून घ्या."

त्या एका वाक्यावर मी खाकी कपड्यात आलो. सरांची ही मेहेरबानी मी कधी विसरलो नाही. पण ती मिळाल्यापासून भीतीही लागली, की एखाद्या दिवशी कुणाच्या तरी ध्यानात येईल, हा पाचवीतला माणूस इथं कशाला आला म्हणून. कुलूप लावलं तरी अर्ध्या वाटेवरनं परत यायचो, ओढून बघायचो. घंटा एक मिनीट उशिरा झाली तर दुपारची भाकर गोड लागायची नाही.

सरांनी मुलींचा बास्केटबॉल काढायचं मनावर घेतलं तेव्हा गावात कुणी असा खेळ बघितलेलाच नव्हता. पोरी आठ-नऊ. त्यांची कॅप्टन भूमची, म्हणून मला ती जरा जवळची. सगळ्याच पोरी मला मामा म्हणायच्या, पण ही सुट्टीवरनं आली की सांगायची, "मामा, तुमच्याकडं पाऊस न्हाई अजून. आमच्यात दोन सरी झाल्या." तेवढ्यानं बरं वाटायचं. संस्थेच्या वडीलधाऱ्या मंडळींना हा खेळ पसंत नव्हता. पोरी चारचौघांत पळणार, उड्या मारणार, हे कुणाच्या गळी उतरेना. सरांनी लई खेटे घातले तेव्हा एवढं ठरलं, की वर्षभर सराव करावा, एक सामना गावादेखत व्हावा, आणि तो बघून मुलींचा खेळ ठेवायचा का बंद करायचा ते मंडळी ठरवतील.

रिंगचे दोन खांब उभे करायचं काम माझ्याकडं आलं. खांब सागवानी. सरांनी ते आडवे ठेवून फितीनं मापले. बुडाकडचा भाग वाळवी लागू नये म्हणून डांबरानं रंगवला आणि मला सांगितलं, "डांबर संपतं तिथपर्यंत जमिनीत. तिथून वर रिंग बरोबर दहा फुटांवर येईल." त्याच दिवशी ते भावाच्या लग्नाला गेले ते आठ दिवसांनी आले.

मी खड्डे खणायला बसलो, आणि मला आपली खळ्यातली मेढ डोळ्यांपुढं आली. आमच्याकडं मेढ रोवायची म्हणजे मळणीला बैल दिवसभर तिच्याभोवती फिरून तिला ओढ देणार, म्हणून जितकी खोल तितकी चांगली. हलकी बसली तर सगळं खळं हसतं. आणि इथं तर खाली परक्याच्या लेकी खेळणार. वाऱ्यावावधानात खांब कलला आणि एखादीच्या डोक्यात बसला तर? मी खणत राहिलो. डांबराची रेघ जमिनीखाली गेलेली मला दिसत होती. दिसत नव्हती असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, वीतभर खाली गेली तर काय बिघडलं, मजबुती आली. दोन्ही खांब सारखे दिसले पाहिजेत म्हणून दुसराही तितकाच खोल घातला, दगड ठेचून बसवले, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

सर आले, खांबाला खांदा लावून हलवून बघितला. म्हणाले, "शाब्बास. हत्ती बांधला तरी हलायचा नाही." फीत काही त्यांनी पुन्हा लावली नाही. माप तर आधीच झालं होतं.

मग वर्षभर रोज तिसऱ्या प्रहरी मी फक्कीच्या रेघा मारायचो आणि पायरीवर बसून बघायचो. पोरी पांढऱ्या सलवारी घालून यायच्या, पायात कॅनव्हासचे बूट. आधी आधी बॉल कुठंही जायचा, एकदा तर प्राचार्यांच्या खिडकीत गेला. पण दिवाळीनंतर हात बसला. कॅप्टन उभ्या जागेवरनं टाकायची आणि दहातले सात आत. सुतळीची जाळी मी विणली होती. बॉल तिच्यातनं खाली आला की मला आतून सुख व्हायचं. पोरी म्हणायच्या, "मामा, तुमी रोज येता, तुमाला कंटाळा येत न्हाई?" मी म्हणायचो, "घंटा वाजवायची असती म्हणून बसतो." घंटेला अजून तासभर असायचा.

सामन्याच्या दिवशी सकाळी मोठ्या शहराच्या कॉलेजच्या पोरी आल्या आणि त्यांच्याबरोबर पंच. पंचांनी खिशातनं फीत काढली. मी तेव्हा रेघा मारत होतो, माझा हात थांबला. फितीचं एक टोक जमिनीवर धरायला त्यांनी मलाच बोलावलं. ते वर वाचून म्हणाले, "वीतभराच्या वर कमी आहे. दोन्हीकडं. कोणी बसवलं हे?"

प्राचार्य होते, संस्थेचे दोघं होते. फितीचं टोक माझ्या अंगठ्याखाली होतं. मी मान वर केली नाही.

सर म्हणाले, "माझं माप चुकलं. दोन तास द्या, वर घेतो."

सुतार आला. मी शिडी धरली, मग स्वतःच चढलो. नवी भोकं पाडली, फळ्या वर सरकवल्या. खाली पोरी उभ्या राहून वर बघत होत्या. कॅप्टन एवढंच म्हणाली, "लई वर दिसायलीय, न्हाई का?"

चार वाजता माणूस मावत नव्हतं. बायकांसाठी एका बाजूला कनात लावली होती. पाहुण्या पोरी हाफपँटीत मैदानावर आल्या तेव्हा कनातीतनं बांगड्यांचा आवाज झाला आणि एकदम थांबला. कॅप्टनचे वडील सकाळच्या एसटीनं भूमहून आले होते. फेटा, खांद्यावर उपरणं, पहिल्याच ओळीत. त्यांनी मला विचारलं, "आमची कोणती बाजू?" मी दाखवली.

आमच्या कॅप्टननं पहिला बॉल टाकला तो तिच्या रोजच्या हातानं, रोजच्या जागेवरनं. तो जाळीच्या बुडाला लागून खाली पडला. दुसरा तसाच. तिसऱ्या वेळी तिनं जोर लावला तर फळीवरनं उडून कनातीवर गेला. लोक हसले. मागनं कुणीतरी म्हणालं, "शिडी द्या की त्यास्नी."

दुसरा एकजण मला म्हणाला, "मामा, सकाळी तुमीच चढला हुता न्हवं? जावा मदतीला."

मी फळ्याकडं तोंड केलं. डावीकडं दोन पुसून चार, चार पुसून सहा. पाहुण्या पोरी ओरडत नव्हत्या, धसमुसळ्या नव्हत्या. एकमेकींकडं न बघताच बॉल द्यायच्या. एक दोन वेण्यांची होती, ती कुठून निघाली हे कळायच्या आत रिंगखाली असायची. आमच्या पोरी तिच्यामागं पळायच्या आणि पोचायच्या तेव्हा ती परत निघालेली. मध्यंतराला डावीकडं अठ्ठावीस होते. उजवीकडं पूज्य. ते पूज्य मी पुसून पुन्हा काढलं, कारण ते फार मोठं दिसत होतं. नंतर मी डावीकडचे आकडे बारीक काढू लागलो. ऑफिसातले हेडक्लार्क मागनं येऊन म्हणाले, "अरे, दोन्हीकडं सारखं लिही. पाहुण्यांना काय वाटेल?"

दुसऱ्या भागात कॅप्टनचा एक बॉल रिंगवर फिरला, फिरला आणि आत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्या पोरींनीपण वाजवल्या. त्यांनी वाजवल्या नसत्या तर बरं झालं असतं. आणखी दोन गेले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आमच्यातली एक फक्कीच्या रेघेवरच बसली होती. तिला ऊठ म्हणायलाही कुणी गेलं नाही.

कॅप्टनच्या वडिलांनी तिला त्याच संध्याकाळच्या गाडीनं न्यायचं ठरवलं. तिची ट्रंक मी स्टँडवर नेऊन दिली. स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर तिचे वडील मला म्हणाले, "पोरी तुमाला मामा म्हंत्यात न्हवं? मग मामानं सरांना सांगाया पायजे हुतं, की लेकीबाळी आशा माणसांत उभ्या करू नका. आमी काय, लांबची माणसं. तुमी तर रोज बघत हुता."

मी म्हणालो, "चुकलं."

ते तिकिटाला गेले. कॅप्टन ट्रंकेवर बसली होती. तळहात लाल झालेले, ते ती उघडून बघत होती. मी सगळं सांगून टाकलं. डांबराची रेघ, मेढ, सकाळी अंगठ्याखाली फीत असताना गप्प बसलो तेपण. म्हणालो, "ताई, माझ्यामुळं झालं. तुमचा हात त्याच मापाला बसला हुता."

तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. म्हणाली, "मामा, बॉल हातात आला तर टाकायचा ना? आमच्या हातातच येत नव्हता. रिंग जमिनीवर ठिवली असती तरी आमी हरलोच असतो."

"तसं न्हाई, ताई."

"तसंच हाय. तुमी बघितलं न्हाई का त्या कशा खेळत हुत्या?"

मला खरं तर तिनं रागवायला पाहिजे होतं. हार माझी ठरली असती तर आमच्या पोरी चांगल्या ठरल्या असत्या. ते तिनं माझ्या हातातनं काढून घेतलं. गाडी आली, मी ट्रंक टपावर चढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या खोलीत गेलो. ते बॉलची वादी सोडून हवा काढत होते. त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम पुरं केलं, वादी गुंडाळून ठेवली, आणि मग म्हणाले, "मला एकदा विचारायचास तरी."

"भीती वाटली, सर."

"परवा बैठक आहे. तू आत येऊन हे सांगितलंस तर मंडळी कदाचित एक वर्ष वाढवून देतील. पोरी चुकीच्या मापावर शिकल्या, त्यांचा दोष नाही, असं मला म्हणता येईल. कदाचित. तुझ्या नोकरीचं मात्र मी काही सांगू शकत नाही. काल सकाळी पंचांसमोर गप्प बसलास, ते आता त्यांना आवडणार नाही. तू ठरव. मी तुझं नाव घेणार नाही."

दोन दिवस मी ठरवत होतो. लेकरं डोळ्यांपुढं यायची, रस्त्याची खडी यायची. आणि दर वेळी कॅप्टनचं बोलणं कामाला यायचं. तीच म्हणाली होती, रिंग जमिनीवर असती तरी हरलो असतो. मग मी आत जाऊन सांगून काय होणार? असं मी स्वतःला समजावलं. ती माझं मन राखायला बोलली की खरंच तसं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. पहिले तीन बॉल खालीच लागले होते, हे मी बघितलं होतं.

बैठकीच्या दिवशी पाण्याचे पेले घेऊन मी दोनदा आत गेलो. सर उभे राहून बोलत होते. एकदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पेले मांडले, रिकामे उचलले आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

नोटीस चौथ्या दिवशी निघाली. नोटिशीचं रजिस्टर वर्गावर्गात फिरवायचं काम माझं. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण खालची सही ओळखू येत होती. पहिल्या वर्गात प्राध्यापकांनी ती मराठीतून सांगितली, की मुलींचा बास्केटबॉल पुढील सूचनेपर्यंत बंद राहील. मुलं थोडी हसली. मुली वह्यांकडं बघत होत्या. कॅप्टन आदल्याच दिवशी भूमहून परतली होती, परीक्षा जवळ आली म्हणून. तिच्या वर्गात प्राध्यापकांनी वाचून सही केली आणि रजिस्टर मिटायला लागले तेव्हा ती उठून म्हणाली, "सर, मला बघू द्या."

तिनं दोनदा वाचलं. मग रजिस्टर मला आणून दिलं. म्हणाली, "सर एकटेच बोलले का हो आत?"

मी म्हणालो, "व्हय."

ती जागेवर जाऊन बसली. अजून तीन वर्ग राहिले होते, त्यातले दोन माडीवर. मी रजिस्टर काखेत धरलं आणि जिन्याकडं गेलो.