लियाँची वाइन आणि पानातलं मीठ

साता समुद्रापलीकडच्या आमच्या वेरिबीत मराठी मंडळी मला दोन कामांसाठी बोलावतात. एक म्हणजे मंडळी जमली की किस्से सांगायला, आणि दुसरं म्हणजे कोणी काही नवीन रांधलं की चाखून निकाल द्यायला. आमटीत चिंच आहे की आमसूल, हे मी पहिल्याच भुरक्याला सांगतो अशी माझी ख्याती. गोडा मसाला घरून आलेला की दुकानातला, हेही सांगत असे. त्यापायी दोन घरांनी काही महिने आम्हाला जेवायला बोलावलं नव्हतं. मला त्याचाही अभिमान होता.

मग एका जूनमध्ये, म्हणजे इथल्या भर थंडीत, मला तीन दिवस ताप आला. चौथ्या दिवशी ताप गेला आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. मी साबण हुंगला, कॉफीचा डबा हुंगला, शेवटी बाहेर जाऊन कचऱ्याच्या लाल झाकणाच्या बिनमध्ये डोकं घातलं. काही नाही. घरात येऊन मीठ जिभेवर ठेवलं. वाळू. जीपी, म्हणजे आमचा नेहमीचा डॉक्टर, म्हणाला, येईल परत, नो वरीज. मीही वरी केली नाही. मला काहीच वाटलं नाही, हीच खरी विचित्र गोष्ट होती. माणसाचं नाक जावं आणि त्याने बिनचं झाकण लावून शांतपणे ऑफिसच्या मीटिंगला बसावं.

बायकोला सांगायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी तिने मऊ खिचडी केली आणि विचारलं, कसं झालंय? हे ती लग्नापासून रोज विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत हात पुसत उभी राहते. मी सवयीने म्हणालो, वा. दुसऱ्या दिवशीही वा. आठवड्याने खरं सांगायचं तर आठवडाभराचे वा परत घ्यावे लागले असते. त्यापेक्षा अभिनय सोपा होता. घास घ्यायचा, डोळे मिटायचे, मनात तीनपर्यंत मोजायचं, मग मान डोलवायची. पंधरा दिवसांतून एकदा खोट काढायची, म्हणजे कौतुकाला वजन राहतं. "हिंग थोडा पुढे आलाय," असं मी एकदा म्हणालो, तर ती म्हणाली, खरंच रे, आज हात सुटलाच होता. इतका दाद देणारा प्रेक्षक मला मराठी मंडळाच्या नाटकातही मिळाला नव्हता.

पुढच्या मे महिन्यात मला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. बायकोने गुपचूप पैसे साठवून फ्रान्सची तिकिटं काढली, आणि त्यातला मुख्य नजराणा म्हणजे लियाँ शहरातली चालत फिरायची खाद्य-वाइन सहल. जिथे लोक खायचं म्हणूनच जातात त्या गावात मी माझी ही जीभ घेऊन निघालो होतो. विमानात मी मनाशी म्हणालो, आता उतरल्यावर सांगू. उतरल्यावर म्हणालो, नाश्ता झाल्यावर सांगू.

नदीकाठी सकाळी दहाला आम्ही आठजण जमलो. वाटाडी साठीची, बारीक चणीची बाई. झेंड्याऐवजी लाकडी डाव उंच धरून चालायची. आठांमध्ये बॅलराटचा एक निवृत्त प्लंबर आणि त्याची बायको होती. जगाच्या त्या टोकाला आपल्या तासाभरावरचा माणूस भेटला म्हणून तो इतका खूश झाला की दिवसभर मला मेट म्हणत माझ्या खांद्याला धरूनच चालला. त्याच्याकडे छोटी वही होती. वाटाडी जे सांगेल ते तो लिहून घेई.

पहिला मुक्काम चीजच्या दुकानात. आत पाऊल टाकताच सगळे दचकले. माझ्या बायकोने स्टोल नाकाला लावला. मी काउंटरवर ओणवा होऊन एका पाझरत्या गोळ्यावर नाक टेकवलं आणि देवळात उभा असल्यासारखा उभा राहिलो. वाटाडीने ते हेरलं. पांढऱ्या वाइनचे पेले भरल्यावर ती म्हणाली, या सद्गृहस्थांना काय जाणवतं ते ऐकू या.

असं म्हटल्यावर मी थांबणारा माणूस नाही. पेला फिरवला, डोळे मिटले, तीन मोजले. मग म्हणालो, पावसाने भिजलेली दगडी पायरी, न पिकलेला पेरू, आणि मागून कुठून तरी लग्नातल्या शालूंच्या कपाटात ठेवलेली डांबरगोळी. मग वाटाडीने डाव छातीशी धरला आणि म्हणाली, इतक्या वर्षांत हे असं कोणी सांगितलं नव्हतं. प्लंबरने मला डांबरगोळीचं स्पेलिंग विचारलं.

त्यानंतर मी चढतच गेलो. गुलाबी साखरबदामांचा टार्ट आला, त्यात मी जत्रा आणि शाळेची सुट्टी शोधली. सॉसेजमध्ये जळकं लाकूड शोधलं. बायको वाइन पीत नाही, तिचे पेलेही माझ्याकडे येत, त्यामुळे प्रतिभेला दुप्पट इंधन. ती माझ्याकडे कौतुकाने पाहत होती. नजराणा सार्थकी लागला असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मला ते दिसत होतं. काचेपलीकडचं दिसावं तसं.

जेवायला एका बुटक्या छताच्या खाणावळीत बसलो. वाटाडीने लाल वाइनची बाटली उघडली, सगळ्यांचे पेले भरले, आणि नेमाप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. मी घोट घेतला. म्हणालो, आजच्या दिवसातली ही सर्वांत श्रेष्ठ. जुनी लायब्ररी, चामडी बांधणीची पुस्तकं, शेवटी जांभूळ.

तिने स्वतःचा पेला हुंगला आणि तिच्या कपाळावर आठी आली. बुचामुळे वाइन खराब झालीय, माफ करा, अशी एखादी बाटली निघते, असं म्हणत ती पेले गोळा करू लागली. तेवढ्यात प्लंबर मोठ्याने हसला. त्याला वाटलं मी सगळ्यांची फिरकी घेतली. टेबलभर हशा झाला. मी उठून कमरेत वाकून अभिवादन केलं. थोडक्यात बचावलो. पण बसताना पाहिलं, माझ्या बायकोने तिचा न प्यायलेला पेला नाकाशी धरला होता. जन्मात वाइन न चाखलेली बाई. ती मराठीत हळूच म्हणाली, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. ती हसली नव्हती.

त्या शहरात इमारतींच्या पोटातून आरपार जाणाऱ्या जुन्या बोळी आहेत. एका रस्त्यावरच्या दारातून शिरायचं, पलीकडच्या रस्त्यावर निघायचं. जेवणानंतर डावामागोमाग सगळे अशा एका बोळीत शिरले. आत अंधार होता. मधोमध बायको थांबली. बाकीच्यांची पावलं पुढे गेली.

"तुला वास येत नाही ना?"

"नाही."

"चवही?"

"नाही."

"कधीपासून?"

"तापापासून."

ती पुटपुटत महिने मोजू लागली. मग म्हणाली, "म्हणजे गणपतीच्या आधीपासून. मग ते अळू?"

ते अळू सांगायला हवं. तापानंतरच्या सप्टेंबरात आमच्याकडे गणपतीला वीसेक माणसं जेवायला होती. वेरिबीच्या गारठ्यात अळू जगत नाही, म्हणून तिने फ्रोझन पानं आणून फदफदं केलं होतं. नैवेद्याचं म्हणून चाखलं नव्हतं, आमच्याकडे कोणीच चाखत नाही. आणि मीठ घालायचंच राहिलं. पानं वाढली. प्रत्येकाने पानाच्या डाव्या कोपऱ्यातलं मीठ गुपचूप अळूत कालवलं, कोणी बोललं नाही. मी मात्र दोन वाट्या तशाच खाल्ल्या, वर सगळ्यांसमोर म्हणालो, असं अळू आईनंतर आजच. माझ्या पानातलं मीठ जसंच्या तसं राहिलं. पानं उचलताना तिने ते पाहिलं होतं. त्यावर तिने मला कधी काही विचारलं नाही. पण तिने ती गोष्ट आपल्या बहिणीला फोनवर सांगितली, मैत्रिणीला सांगितली. नवरा असावा तर असा. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत असे, आणि मीठ राहिल्याचं मला तेव्हाच कळलं.

आता बोळीत तिला एवढंच हवं होतं. बाकी वर्षभराचे वा खोटे निघाले तरी चालतील, पण तेवढं एक खरं असावं. आणि माझ्याकडे वाक्य तयार होतं. मीठ राहिलंय हे तेव्हा कुणीतरी कानात सांगितलं होतं गं मला, तुला वाईट वाटू नये म्हणूनच मी मिठाला हात लावला नाही. एका दमात म्हणता आलं असतं. पण अभिनयाला समोरचा चेहरा दिसावा लागतो, आणि अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता.

"मला कळलंच नाही," मी म्हणालो. "मीठ नाही हे मला माहीतच नव्हतं."

"बरं," ती म्हणाली.

आम्ही पलीकडच्या रस्त्यावर निघालो. ती रडली नव्हती. मलाही काही झालं नाही. वाटाडीने शेवटी सगळ्यांना चॉकलेट दिलं, प्लंबरने मला विचारलं, आणि मी म्हणालो, आज सुट्टी, मेट.

तो किस्सा मी वेरिबीत वीस वेळा तरी सांगितला असेल. लायब्ररी आणि जांभळाशी येऊन कमरेत वाकतो. लोक हसून लोळतात. बोळीपर्यंत मी कधी जात नाही. बायको तेव्हा स्वयंपाकघरात असते.

घरी परतल्यापासून ती कसं झालंय असं विचारत नाही. पान वाढते आणि बसते. पहिले काही दिवस मी सवयीने डोळे मिटून तीन मोजले, मग ते थांबवलं. नाक अजून आलेलं नाही.

गेल्या गणपतीला पुन्हा वीस माणसं होती, पुन्हा अळू होतं. नैवेद्य झाला, पानं वाढली, आणि नेहमीप्रमाणे सगळे माझ्या निकालासाठी थांबले. मी घास घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने आपल्या पानातलं अळू चाखलं, थोडा वेळ घेतला. मग माझ्याकडे न बघता पुढे झुकली, माझ्या पानाच्या डाव्या कोपऱ्यातलं मीठ चिमटीत घेतलं आणि माझ्या अळूत घातलं.

"मीठ कमी आहे," मी मंडळींना सांगितलं.

सगळ्यांनी घालून घेतलं.