घर तुझं, जमीन माझी

मारवातीला धाकटी बहीण आवडत नव्हती असं नाही. बहिणीचं बरं झालेलं तिला आवडत नव्हतं. यात फरक आहे, आणि तो अख्ख्या गावाला ठाऊक होता.

आई गेली तेव्हा वाटणी झाली ती अशी: घर धाकट्या तेन्रीला, कारण शेवटपर्यंत आईचं तिनेच केलं, आणि घराखालची किनाऱ्यावरची माडांची जमीन थोरल्या मारवातीला. एकीचं घर दुसरीच्या जमिनीवर. अशाने दोघी एकमेकींना धरून राहतील असं आईला वाटलं असावं. आयांना काय, असं काहीबाही वाटत असतं.

मारवातीचं स्वतःचं घर त्याच जमिनीवर, पण मागच्या अंगाला. लहानसं, गवताने शाकारलेलं. पुढे आईचं ते उंच खांबांवरचं ऐसपैस घर. म्हणजे समुद्र तेन्रीला आणि तेन्रीच्या चुलीचा धूर मारवातीला. वर तेन्रीचा नवरा जहाजावर कामाला, त्यामुळे छप्पर निळ्या पत्र्याचं झालं, थंड पाण्याचं कपाट आलं. मारवातीचा नवरा बाचो मात्र दर्यावर्दी बुगिस जातीत जन्मून होडी लागणारा! लाट दिसली की पोटात ढवळायचं त्याच्या. मारवातीला आमच्या बेटाबाहेर कोण नेणार, कपाळ?

तरी दिवसभर ती बसायची तेन्रीच्याच घराखाली. तिथे सावली, वारा, आणि तिचा माग. विणता विणता पोटातली जळजळ जरा बसायची.

एका वर्षी तेन्री नवऱ्याला भेटायला विमानाने सुराबाया बंदराला जाऊन आली. येताना मारवातीसाठी रेशमी ओढणी आणली. तिथेच थांबली असती तर बरं होतं. पण नाही! फोन काढून विमानातून घेतलेला फोटो दाखवायला लागली.

"हे बघ अक्का, आपलं बेट! केवढंसं दिसतं, नाही?"

"यात माझी जमीन कुठंय?"

तेन्री हसली. "अगं, वरून तसलं काही दिसत नाही. इथे कुठेतरी असेल, नखाखाली."

मारवातीच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात तिच्या नावावर एवढी एकच गोष्ट, आणि ती बहिणीच्या नखाखाली! तिने ओढणी मागावर फेकली.

"घर तुझं, जमीन माझी," ती ओरडली. "उचल तुझं घर आणि चालती हो!"

हे दुसऱ्या कुठल्या गावात कुणी बोललं असतं तर नुसतं भांडण झालं असतं. आमच्याकडे घर खरोखर उचलतात. मारवातीला वाटलं होतं, तेन्री रडेल, हातापाया पडेल. पण गावाच्या टोकाला तिच्या नवऱ्याने जागा घेऊन ठेवली होती. ती तडक गेली ती घरं बांधणाऱ्या म्हाताऱ्या सेम्माबाबांकडे, आणि शुक्रवारी नमाजानंतर मशिदीच्या भोंग्यावरून हाक आली: तेन्रीचं घर हलवायचंय, बाप्यांनी खांदे घेऊन यावं.

आमच्याकडे घराला बेंबीचा खांब असतो, घराचा जीव त्यात. घर उचललं की बिथरू नये म्हणून घरातली थोरली बाई त्या खांबाला धरून आत बसते.

"अक्का, थोरली तू आहेस," तेन्री येऊन म्हणाली. "बसतेस का?"

"माझं भाताचं पातेलं चुलीवर आहे."

तेन्री एकटीच बसली. खांबांना आडवे बांबू बांधले गेले, सेम्माबाबांनी आरोळी दिली, आणि आईचं घर माणसांच्या खांद्यांवर चालायला लागलं. मारवाती माडाआडून बघत होती. एखादी तरी तुळई कडाड मोडावी असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती. काही मोडलं नाही. उलट बांबूला खांदा देणाऱ्यांत बाचो सगळ्यात पुढे! वर तेन्रीकडचं नारळाच्या दुधातलं केळ्याचं गोड हादडून संध्याकाळी आला.

"माझं पाणी आणताना खांदा दुखतो ना तुमचा?"

"पाण्यावर गोड कुठे मिळतं," बाचो म्हणाला.

आता पुढची जागा मोकळी. खांबांखालचे दगड तेवढे उरले. मारवाती ऐटीत आपल्या ओसरीवर येऊन बसली. आता समुद्र तिचा! समोर बघितलं, आणि तिच्या काळजात कळ आली. किनारा तिथे वळतो. समुद्राच्या कडेला, नेमकं डोळ्यांसमोर, तेन्रीचं निळं छप्पर चमकत होतं. इतकी वर्षं पाठीमागून तिला त्या घराची नुसती चूल दिसायची. आता सकाळी उठल्यापासून छप्पर, ओसरी, दांडीवरचे कपडे, सगळंच दिसायला लागलं.

सावली गेली तसा माग उन्हात पडला. गप्पांना येणाऱ्या बायका टोकाला जायला लागल्या, त्यांचं हसणं वाऱ्याबरोबर इथवर यायचं. मारवातीने खिडकी लावून घेतली. मग, कशाला हसतात ते ऐकू येईना म्हणून उघडली.

एका शुक्रवारी सकाळी ती ढीगभर नारळ खवायला बसली.

"कोणाचं लग्न?" बाचोने विचारलं.

"घर हलवायचंय."

"आपलं? कुठे?"

तिने हनुवटीनेच टोक दाखवलं.

"अगं, ती जागा तेन्रीची! तिला विचारलंस?"

"मी विचारू? तिला?"

बाचोने कपाळावर हात मारला. उचललेलं घर मागे फिरवत नाहीत, फिरवलं तर त्या घराचं तोंड पुन्हा कुणी बघत नाही. तरी नमाजानंतर माणसं आली तेव्हा ही बया न विचारता खांबाला मिठी मारून बसली. घर हललं तशी ती घाबरली, मग खिडकीतून बघत राहिली. माड मागे सरत होते. तिची जमीन मागे सरत होती. जन्मात पहिल्यांदा ती कुठेतरी निघाली होती, आणि जिथे निघाली होती तिथे तिला हाकलून दिलं तर परतायची सोय नव्हती.

टोकाशी घर थांबलं. "दगड कुठे मांडलेत?" सेम्माबाबांनी विचारलं. दगड मांडलेलेच नव्हते. खांद्यावर घर घेतलेली माणसं घामाने निथळत एकमेकांकडे बघायला लागली. तेन्री जिना उतरून आली.

"घर तुझं, अक्का," ती मोठ्याने म्हणाली. "जमीन माझी."

आत मारवातीच्या तोंडचं पाणी पळालं. तिचेच शब्द होते.

"ऐकलंस ना?" तेन्री म्हणाली. मग माणसांकडे वळली. "ठेवा. माझ्या ओसरीपुढे ठेवा, समुद्राकडे तोंड करून. मागे ठेवलंत तर जन्मभर पाठीत तिचे डोळे टोचतील मला."

माणसं हसली, दगड आणायला पोरं धावली. मारवाती खांबाला धरून हुंदके देत होती. घर तेन्रीच्या ओसरीपुढे आलं. खिडकीत सगळा समुद्र, आणि तिच्या पाठीमागे तेन्रीची चूल. आयुष्यभर हेच तर मागितलं होतं.

तिने डोळे पुसले आणि खिडकीबाहेर डोकं काढलं.

"बाजूला घ्या रे! तिच्या शेजारी, एका ओळीत. नाहीतर उद्या विमानातून बघून म्हणेल, अक्काने माझा समुद्र अडवला."

"वरून तसलं काही दिसत नाही गं," तेन्री म्हणाली, आणि अक्काला आधार द्यायला जिना अजून न लावलेल्या घरात वर चढली.